तक्त्यावरच्या एका ओळीबद्दल: पेठेतल्या स्पर्धापरीक्षेच्या मुलांना खुलं पत्र

सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या मुलामुलींनो,

मी तुमच्या डोक्यावर राहतो. तुमची अभ्यासिका तळमजल्यावर आणि मी दुसऱ्या. रात्री अडीचला चप्पल फरफटत चहाला जाणारे तुम्ही आणि खिडकीतून खेकसणारा म्हातारा तो मीच. हे पत्र मात्र चपलांबद्दल नाही.

तुमच्या दाराशेजारच्या भिंतीवर एक तक्ता आहे. १५ ऑगस्ट १९८५, आसाम करार. त्याच्याखाली: ३० जून १९८६, मिझोराम करार, लालडेंगा, कलम ३७१ जी. शेजारी लाल पेनाने चांदणी, म्हणजे हमखास येणार. लालडेंगा म्हणजे मिझो बंडाचा पुढारी, आणि हा करार त्याने दिल्लीशी केलेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत भूपती हा माओवाद्यांचा मोठा नेता साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवून आला, तेव्हा तुमच्यातला परभणीकडचा एक मुलगा टपरीवर म्हणाला, "हे लालडेंगासारखंच झालं की." मी म्हटलं, नाही झालं. तो म्हणाला, "काका, मग फरक सांगा. एका ओळीत."

एका ओळीत मला जमलं नाही. त्या रात्री झोपही लागली नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

मी केंद्र सरकारच्या एका हिशोब कार्यालयात होतो आणि १९८५ ते १९८८ आयझॉलला, म्हणजे मिझोरामच्या राजधानीत. तिकडची बदली म्हणजे शिक्षा असं तेव्हा सगळे धरून चालत. सिलचरहून बस, जेमतेम एकशेऐंशी किलोमीटर, पण पोटातलं सगळं ढवळून निघायचं. वाटेत इनर लाइनचा, म्हणजे बाहेरच्याला आत शिरायला लागणारा, परवाना दाखवायचा. गाव डोंगराच्या धारेवर चढवलेलं, घरं उतारावर खांब रोवून उभी. पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवायचं आणि उन्हाळ्यात ते वाटीवाटीने पुरवायचं. रविवारी सगळं बंद, नुसती चर्चमधली गाणी. बाहेरून आलेल्याला तिथे 'वाई' म्हणतात. मी वाई होतो. शिवी नव्हती ती, पण लाडाचंही नाव नव्हतं.

पुढे जाण्याआधी एक भाषेची अडचण. लालडेंगाला 'तो' लिहू की 'ते'? आपल्या वर्तमानपत्रांनी वीस वर्षं 'बंडखोर लालडेंगा पळाला' असं लिहिलं आणि ऑगस्ट १९८६ मध्ये एका रात्रीत 'मुख्यमंत्री लालडेंगा म्हणाले' झालं. माणूस तोच. इंग्रजी पुस्तकांतून वाचताना तुम्हाला हा सांधा दिसतच नाही, मराठीत तो क्रियापदातच खटकतो. मीही वर्तमानपत्रांसारखंच करणार आहे. तुम्ही फक्त सांधा कुठे येतो ते बघा.

तर तो जन्मला १९२७ मध्ये, लुंगलेईजवळच्या पुकपुई गावात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सैन्यात गेला, हवालदार झाला. परत येऊन मिझो जिल्हा परिषदेत हिशोबाचा कारकून. ही परिषद म्हणजे राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीतली, आदिवासी भागासाठीची स्वायत्त परिषद, आपली झेडपी नव्हे. तुम्हाला सांगायला नको. तिथून हिशोबात घोळ केल्याच्या आरोपावरून त्याची नोकरी गेली. मी स्वतः आयुष्यभर खतावण्या तपासल्या, त्यामुळे ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी हसलो होतो. देशाविरुद्ध बंड करणारा माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर घोडा, तलवार, फार तर एके-४७. इथे होता बडतर्फ कारकून. बोलण्यात पटाईत, कागदाची ताकद ओळखणारा आणि हातात वेळ भरपूर.

त्याच्या पुढचा भाग तुमच्या तक्त्यावर अजिबात नाही, आणि माझ्या मते सगळं तिथेच आहे.

मिझोरामच्या डोंगरांवर 'मौतक' नावाचा बांबू मैलोगणती पसरलेला आहे. साधारण ४८ वर्षांनी तो सगळाच्या सगळा एकदम फुलतो, फळतो आणि मरतो. पेरूएवढी फळं येतात, गरगरीत. उंदीर ती खातात आणि बेसुमार वाढतात. पाऊस पडून उरलेल्या फळांना कोंब फुटले की उंदरांचं खाणं संपतं, आणि ते लोंढ्याने भाताच्या शेतात उतरतात. डोंगर जाळून केलेली झूम शेती, आपल्याकडच्या कुमरीसारखी. वर्षाचं पीक एका रात्रीत फस्त. याला मिझो 'मौतम' म्हणतात, बांबूचं मरण. बांबू फुलला की दुष्काळ, असं आपल्याकडची जुनी माणसंही म्हणायची, पण तिकडे ती नुसती म्हण नाही, पंचांग आहे. १९११ च्या सुमारास एकदा झालेलं, म्हणजे पुढचं १९५९ ला. म्हाताऱ्यांनी बोटांवर मोजून ठेवलेलं होतं.

तेव्हा तो भाग आसामचा एक जिल्हा होता. २९ ऑक्टोबर १९५८ ला जिल्हा परिषदेने ठराव केला की दुष्काळ येतो आहे, आधीच तयारी करायला हवी, आणि आसाम सरकारकडे १५ लाख रुपये मागितले. सरकारने ते नाकारले. फुलं आणि उंदीर यांचा संबंध म्हणजे आदिवासींची अंधश्रद्धा, त्याला शास्त्रीय आधार नाही, असा एकूण सूर.

१९५९ ला बांबू फुलला.

मग धावपळ झाली. उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावलं गेलं, लोक शेपट्यांच्या जुड्या बांधून आणू लागले. पण भात डोंगरावरच्या गावांपर्यंत पोचायला रस्तेच नव्हते. तेव्हा या बडतर्फ कारकुनाने आणि त्याच्या साथीदारांनी पोरं गोळा केली, पाठीवर तांदळाची पोती घेतली आणि चालत गावोगाव पोचवली. संघटनेचं नाव मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट, १९६०. त्याच साली आसामने असमिया ही राजभाषा करण्याचा कायदा केला. उपाशी माणसाला आता अर्जही परक्या भाषेत करावा लागणार होता. ऑक्टोबर १९६१ मध्ये संघटनेच्या नावातला 'फॅमिन' गळला. उरलं मिझो नॅशनल फ्रंट. तेच तुमचं एमएनएफ. उरलेल्या नावात मागणी बदलली होती: भात नको, देश हवा.

ज्या गावांत पोती पोचली होती तिथे या पोरांना घराघरांत ओळखत होते. पुढे त्याच वाटांनी बंदुका गेल्या. त्या पूर्व पाकिस्तानातून येत होत्या, प्रशिक्षणही तिथलंच. पाकिस्तानला यात काय हवं होतं ते उघड आहे, आणि लालडेंगाला ते कळत नव्हतं असंही नाही. ३० ऑक्टोबर १९६५ ला एमएनएफने पंतप्रधान शास्त्रींना निवेदन दिलं. भाषा सभ्य, टाइप केलेली, कारकुनी वळणाची. तिकडे जंगलात तयारी चालू होतीच.

२८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री 'ऑपरेशन जेरिको' सुरू झालं. जेरिकोच्या भिंती बायबलमध्ये शिंगांच्या आवाजाने पडतात. नाव ठेवणाऱ्याला आपलं गिऱ्हाईक नीट माहीत होतं. आयझॉल, लुंगलेई, चंफाई अशा ठिकाणी एकाच वेळी हल्ले. सरकारी खजिना, टेलिफोन, आसाम रायफल्सची ठाणी. १ मार्चला साठेक सह्यांनिशी स्वातंत्र्याची घोषणा. २ मार्चला जिल्हा अशांत जाहीर झाला. आणि ५ मार्चपासून जोरहाट आणि कुंभीग्रामच्या तळांवरून आलेल्या हंटर आणि तूफानी विमानांनी आयझॉलवर गोळीबार केला, आगलावे बॉम्ब टाकले. दॉरपुई, छिंगा वेंग या वस्त्या जळल्या. देशाच्या हवाई दलाने आपल्याच देशातल्या वस्तीवर बॉम्ब टाकल्याचा हा एकमेव प्रसंग मानला जातो. दिल्लीने तेव्हा सांगितलं की विमानं माणसं आणि रसद उतरवायला गेली होती.

तेव्हा संरक्षणमंत्री कोण? तुम्ही पटकन सांगाल. यशवंतराव चव्हाण. हिमालयाच्या मदतीला धावलेला सह्याद्री. आपल्याकडच्या प्रत्येक नोट्समध्ये ते वाक्य आहे, पण त्याच कारकिर्दीतलं आयझॉल नाही. नोव्हेंबर १९६६ मध्ये ते गृहमंत्री झाले आणि पुढचा प्रकारही त्यांच्या काळातलाच. १९४२ मध्ये स्वतः भूमिगत राहिलेला, सातारा जिल्ह्यातल्या गावागावांनी लपवलेला हा माणूस. बंडखोराला भाकरी देणारं गाव म्हणजे काय ते त्यांच्याइतकं दिल्लीत कुणाला माहीत असणार? चव्हाणांबद्दल मला आदर आहे, आजही आहे. म्हणूनच लिहितो. जयंतीला हार घालायचा आणि आयझॉल गाळायचं, ही आदराची रीत मला पटत नाही.

पुढचा प्रकार म्हणजे गावं हलवणं. जानेवारी १९६७ पासून. ब्रिटिशांनी मलायात केलेलं होतं, तोच नमुना. बंडखोराला गावातून भात मिळतो, तर गावच उचला. पहिल्यांदा वैरेंगते–आयझॉल–लुंगलेई रस्त्याकाठी, मग आत आत. कागदावरचं नाव 'संरक्षित आणि प्रगतिशील गावं'. ७६४ गावांपैकी ५१६ गावं उठवून ११० ठिकाणी कोंबली. जवळजवळ ऐंशी टक्के लोकसंख्या. कुंपण, हजेरी, पास, संचारबंदी. शेत दहा मैलांवर आणि संध्याकाळी दार बंद, तर पीक काढायचं कधी?

माझी घरमालकीण अशाच एका गावातली. मी तिला तिथल्या रीतीप्रमाणे 'पी' म्हणायचो, म्हणजे आपल्याकडचं बाई किंवा आजी. मोडक्या हिंदीत बोलायचं आमचं. तिचं गाव हललं तेव्हा ती बावीस वर्षांची होती, पोर पाठीशी. सामान किती न्यायचं? जेवढं उचलेल तेवढं. उरलेलं भाताचं कोठार शिपायांनी पेटवलं, बंडखोरांना मिळू नये म्हणून. "घर जळतं तेव्हा वास लाकडाचा येतो," ती म्हणाली, "भात जळतो तेव्हा स्वयंपाकाचा." पाहुण्याला काळा चहा देता देता सांगितलेली गोष्ट. मी चहा संपवला आणि गप्प बसलो. मी त्याच सरकारच्या पगारावर होतो.

दार्झो नावाच्या एका गावाची हकीकत तर कागदावरच आहे, आणि ती एका सनदी अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे, गाव हलवणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकून. सुखवस्तू गाव. लोक बाहेर येईनात, आपल्या हाताने घर पेटवायला तयार होईनात. ते सगळं उरकल्यावर गावच्या पुढाऱ्यांकडून दोन कागदांवर सह्या घ्यायच्या होत्या. एकावर लिहिलेलं, बंडखोरांच्या त्रासाला कंटाळून आम्ही स्वखुशीने संरक्षण मागितलं. दुसऱ्यावर, आमचं गाव आम्हीच जाळलं, कुणी जबरदस्ती केली नाही. पुढाऱ्यांनी नकार दिला. मग धाक दाखवून सह्या घेतल्या.

मुलांनो, तुमच्यातले काही उद्या तहसीलदार होतील, काही कलेक्टर. असे कागद तुमच्या टेबलावर येतील. इतके भयानक नाही, पण जातकुळी तीच: 'ग्रामस्थांची हरकत नाही.' मी तीस वर्षं फायली वाचल्या, त्यावरून सांगतो, ज्या कागदावर सगळे खूश असतात तो कागद उन्हात धरून बघावा.

आता लालडेंगा. तो या काळात कुठे होता? बहुतेक वेळ बाहेरच. पूर्व पाकिस्तानात चितगावच्या डोंगरांत, तिथून ढाका. १९७१ ला ढाका पडलं आणि त्याचं छप्पर गेलं. आराकानमार्गे पळत तो पाकिस्तानात पोचला. मग युरोप. लोक कुंपणात आणि पुढारी परदेशात, हा टोमणा त्याला त्याच्याच माणसांनी मारलेला आहे, आणि त्याच्या एकहाती कारभारावरून संघटनेत फाटाफूटही झाली. मी त्याला हुतात्मा करायला निघालेलो नाही. जानेवारी १९७५ मध्ये आयझॉलच्या पोलीस मुख्यालयात बैठकीला बसलेल्या तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना त्याच्या माणसांनी गोळ्या घातल्या. १९७९ मध्ये सगळ्या वाई लोकांनी मिझोराम सोडून जावं असा हुकूम काढला. मी गेलो तेव्हा त्याला सहा वर्षं झाली होती, तरी माझ्या आधीच्या माणसाने कार्यालयाच्या खुर्चीचं तोंड दाराकडे करून ठेवलेलं होतं. मीही ते बदललं नाही.

बोलणी मात्र १९७५ पासून चालू होती. आधी जिनिव्हात गुपचूप. १ जुलै १९७६ ला दिल्लीत एक समझोता झाला, राज्यघटनेच्या चौकटीत राहायचं मान्य झालं, आणि पुढे तो फिसकटला. मोरारजींचं सरकार आलं, लालडेंगाला अटक झाली, सुटका झाली, इंदिराबाई परत आल्या, पुन्हा बोलणी, १९८२ मध्ये पुन्हा बंदी, पुन्हा लंडन. हे सगळं मी चार ओळींत उरकतोय, कारण त्यात दोन्हीकडचा हट्ट सोडून फार काही नाही. फक्त एक दिवस सांगतो. ३१ ऑक्टोबर १९८४ ला लालडेंगा दिल्लीत होता. दुपारी त्याची इंदिरा गांधींशी भेट ठरलेली होती. सकाळी काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे.

आणि मग ३० जून १९८६. सह्या तिघांच्या: लालडेंगा, मिझोरामचे मुख्य सचिव लालखामा आणि केंद्रीय गृहसचिव आर. डी. प्रधान. राम प्रधान. महाराष्ट्र केडरचा आपला मराठी माणूस. तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. निवृत्त होता होता त्यांनी ही सही केली. आणि हेच प्रधान एके काळी संरक्षणमंत्री चव्हाणांचे खाजगी सचिव होते. गोष्टीच्या सुरुवातीला साहेब आणि शेवटाला त्यांचा सचिव. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी आयझॉलमध्येच होतो आणि कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, पण तिथे ती ज्याला कळेल असा दुसरा मराठी माणूस नव्हता. आज तुम्ही सापडलात.

त्या रात्री रेडिओवर बातमी आली तेव्हा पी खालच्या मजल्यावरून वर आली, दारात उभी राहिली आणि 'रेमना' एवढाच शब्द बोलली. शांतता. ३० जूनला मिझोराममध्ये अजून 'रेमना नी' पाळतात. मग तिने विचारलं, "आता रात्री बाहेर जाता येईल?" मी म्हटलं, येईल बहुतेक. ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली, बाहेर, काळोखात. बराच वेळ. काही करत नव्हती. नुसती बसली होती.

परभणीकरा, आता तुझा फरक. गडचिरोलीत जे झालं ती शरणागती. एका बाजूने शस्त्रं ठेवली, दुसऱ्या बाजूने पुनर्वसनाची योजना दिली. ते चांगलं की वाईट हा वेगळा प्रश्न; जंगलातून जिवंत माणसं बाहेर आली याचं मला बरंच वाटलं. मिझोराममध्ये झाला तो तह. पुरंदरचा तह आपण चौथीपासून पाठ करतो, त्यामुळे तह म्हणजे काय ते मराठी माणसाला समजावू नये: दोन्हीकडची माणसं कागदावर, दोन्हीकडचं काहीतरी गेलेलं, दोन्हीकडचं काहीतरी राहिलेलं. एमएनएफने स्वतंत्र देशाची मागणी सोडली, शस्त्रं ठेवली, त्रिपुरा आणि मणिपूरच्या बंडखोर गटांना मदत बंद करायचं कबूल केलं. दिल्लीने राज्य दिलं, आणि ३७१ जी. मिझोंच्या धार्मिक, सामाजिक रूढी, त्यांचा परंपरेचा कायदा आणि जमिनीची मालकी यांबाबतचा संसदेचा कायदा त्यांच्या विधानसभेने ठराव केल्याशिवाय तिथे लागू होत नाही. हे कलम तुम्ही पाठ करता. त्याला जळलेल्या भाताचा वास आहे, एवढं फक्त लक्षात असू द्या.

या तहात आणखी एक माणूस आहे, त्याला कुणी चांदणी देत नाही. लाल थनहॉला. ते तेव्हा काँग्रेसचे निवडून आलेले मुख्यमंत्री होते. करारासाठी त्यांनी खुर्ची सोडली आणि वीस वर्षं ज्याच्याविरुद्ध राजकारण केलं त्याच्या हाताखाली उपमुख्यमंत्री झाले. आपल्याकडे महामंडळाचं अध्यक्षपद सोडताना माणसं काय काय करतात ते आठवा, म्हणजे याचं वजन कळेल.

२१ ऑगस्ट १९८६ ला लालडेंगा मुख्यमंत्री झाले. आला सांधा. खजिन्यावर हल्ला करवणारे आता त्याच खजिन्याचे मालक, आणि त्यांचा हिशोब तपासायला आमचं कार्यालय. २० फेब्रुवारी १९८७ ला मिझोराम देशाचं तेविसावं राज्य झालं, राजीव गांधी आले होते, मी गर्दीत मागे उभा होतो. त्याआधी चारच दिवस निवडणूक झाली होती. चाळीसपैकी चोवीस जागा लालडेंगांच्या माणसांनी जिंकल्या.

राज्य करणं मात्र त्यांना जमलं नाही. जंगलातून आलेल्यांना नोकऱ्या हव्या होत्या, जवळच्यांना ठेके हवे होते, आणि साहेब कुणाचं ऐकत नसत. सप्टेंबर १९८८ मध्ये त्यांचेच आमदार फुटले, राष्ट्रपती राजवट आली. जानेवारी १९८९ च्या निवडणुकीत काँग्रेस जिंकली आणि लाल थनहॉला परत मुख्यमंत्री झाले. लालडेंगा हरले आणि विरोधात बसले. पुन्हा जंगलात गेले नाहीत. ही बातमी कुठे मोठी छापून आल्याचं मला आठवत नाही. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी बातमी तीच होती. ७ जुलै १९९० ला ते फुप्फुसाच्या कर्करोगाने लंडनमध्ये गेले. देह आयझॉलला आणला, सरकारी इतमामात शहराच्या मध्यात पुरला. मी तोवर बदलून नागपूरला आलो होतो. पेपरात दोन इंच मजकूर होता, क्रियापद आदरार्थी.

त्यांचे सचिव राहिलेले झोरामथांगा १९९८ ते २००८ आणि पुन्हा २०१८ ते २०२३ मुख्यमंत्री होते. त्यांना हरवून आलेले लालदुहोमा हे मूळचे आयपीएस. सुरुवातीला गोव्यात नोकरी केलेले, पुढे इंदिरा गांधींच्या सुरक्षेत, आणि १९८८ मध्ये पक्षांतरबंदी कायद्याखाली अपात्र ठरलेले पहिले खासदार. घ्या, हा एक प्रश्न फुकट.

आणि मौतम? ते ठरल्या वेळी आलं. १९५९ अधिक ४८, २००७. या वेळी मुख्यमंत्री होते झोरामथांगा, म्हणजे फॅमिन फ्रंटच्या वंशातले. सरकारने आधीपासून योजना आखली होती, बांबू आधीच तोडून विकायचा, आलं-हळदीसारखी उंदीर न खाणारी पिकं लावायची. तरी उंदरांनी शेतं खाल्लीच, आणि तक्रारी झाल्या त्या मदत कुणाच्या घरी पोचली आणि कुणाच्या नाही याच्या. २००८ च्या निवडणुकीत एमएनएफला चाळीसपैकी तीन जागा मिळाल्या. मागच्या मौतमनंतर याच माणसांनी बंड केलं होतं. या मौतमनंतर लोकांनी त्यांना मत दिलं नाही आणि सगळे घरी गेले. पी तेव्हा होती की नाही मला माहीत नाही, आमचा पत्रव्यवहार तोवर थांबला होता.

तर माझं मागणं एवढंच आहे. त्या तक्त्यावर आसाम कराराच्या वर चार बोटं जागा आहे, मी काल चष्मा लावून पाहिली. तिथे लिहा: २९ ऑक्टोबर १९५८, मिझो जिल्हा परिषदेचा अर्ज, रुपये १५ लाख, नामंजूर. चांदणी नको द्यायला, परीक्षेत ते येणार नाही. पेन नसेल तर वर या, माझ्याकडे लाल शाईचं आहे, हिशोब तपासायचं जुनं. चपला मात्र खाली काढून या.

तुमचा,
दुसऱ्या मजल्यावरचा काका